ब्लॉक किती वेळ टिकावा? हाताच्या शस्त्रक्रियेत पूरक औषध निवडतानाचे एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. औषधांच्या मात्रा, वेळा आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी असलेल्या, २५ खाटांच्या एका खासगी रुग्णालयातील ही हकीकत आहे. मी तेथे बोलावल्यावर जाणारी भूलतज्ज्ञ आहे. लहान गावांत काम करणाऱ्या अनेक भूलतज्ज्ञांप्रमाणे माझाही दिवस तीन-चार रुग्णालयांत वाटलेला असतो. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे घडले त्यात औषधाइतकाच या व्यवस्थेचाही वाटा आहे.

रुग्ण ६२ वर्षांचे शेतकरी, वजन ५८ किलो. गोठ्याच्या ओल्या उतारावर पाय घसरून ते डाव्या हातावर पडले आणि कोपर व मनगट यांच्यामधली दोन्ही हाडे मध्यावर मोडली. जखम उघडी नव्हती. पहिले दोन दिवस सूज बरीच होती, म्हणून अस्थिशल्यचिकित्सकांनी हात प्लास्टरच्या अर्ध्या साच्यात, म्हणजे स्लॅबमध्ये, उंच ठेवून वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हाडांना प्लेट बसवायचे ठरवले.

माझ्या दृष्टीने हाडांपेक्षा बाकीचे आजार महत्त्वाचे होते. पस्तीस वर्षे बिडी ओढल्यामुळे फुफ्फुसांचा जुना दमेकरी आजार होता. ते रोज श्वासावाटे औषध घेत आणि साध्या हवेत त्यांचे ऑक्सिजनचे प्रमाण ९३ टक्के होते. मधुमेह ११ वर्षांचा होता, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी ८.३ होते आणि दोन्ही तळपायांची संवेदना थोडी कमी झालेली होती. रक्तदाबासाठी ते रोज ५० मिलिग्रॅम मेटोप्रोलॉल घेत; हे औषध नाडीही मंदावते. विश्रांतीच्या वेळी नाडी ५६ होती. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.४ असल्यामुळे डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके मला वापरायची नव्हती. हाताच्या बोटांची हालचाल आणि संवेदना शस्त्रक्रियेपूर्वी तपासून, दोन्ही ठीक असल्याची नोंद मी कागदावर केली होती. या नोंदीचा पुढे फार उपयोग झाला.

अशा फुफ्फुसांना पूर्ण भूल देऊन नळी घालणे शक्य होते, पण शस्त्रक्रियेनंतर कफ साचणे आणि श्वास अपुरा पडणे यांचा धोका पत्करण्याचे कारण नव्हते. हाताच्या चेतांना (नसांना) ब्लॉक देऊन, म्हणजे त्यांच्याजवळ औषध टोचून फक्त हात बधिर करून, रुग्णाला जागे ठेवून काम होणार होते. ब्लॉक कोठून द्यायचा हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. मानेतून दिलेल्या ब्लॉकने नेहमीच्या मात्रेत त्या बाजूचा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, जवळजवळ नेहमीच लुळा पडतो. गळपट्टीच्या हाडाच्या वरून दिलेल्या ब्लॉकनेही बऱ्याच रुग्णांत तसे होते. म्हणून गळपट्टीच्या हाडाखालून, सोनोग्राफीच्या मदतीने ब्लॉक द्यायचे ठरवले. त्या जागी श्वासपटलाच्या चेतेला धक्का लागण्याची शक्यता बरीच कमी असते, शिवाय मोडलेला हात बाजूला ताणून धरावा लागत नाही.

अडचण

थिएटरबाहेर हात धुताना शस्त्रक्रिया करणारे सर म्हणाले, ‘मॅडम, आज यांना रात्रभर दुखायला नको. ब्लॉकमध्ये काहीतरी मिसळा, म्हणजे सकाळपर्यंत निभेल.’

मागणी अवाजवी नव्हती. त्या रुग्णालयात रात्री एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय असतात. निवासी डॉक्टर नसतो. मॉर्फिनसारखी औषधे या रुग्णाच्या फुफ्फुसांना रात्री देखरेखीशिवाय द्यावीत असे मला वाटत नव्हते, आणि मूत्रपिंडांमुळे दुसरा मार्गही अरुंद झाला होता. उरले पॅरासिटामॉल आणि गरज पडल्यास थोडे ट्रामाडॉल. दोन प्लेटी बसवलेल्या हाताला तेवढे पुरत नाही. त्यामुळे ब्लॉक लांबवणे हा उघड उपाय दिसत होता.

रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या नुसत्या ०.५ टक्के द्रावणाने दिलेल्या ब्लॉकची वेदनाशामकता साधारण १० ते १२ तास टिकते. मधुमेही रुग्णांत ती थोडी अधिकही टिकू शकते. सकाळी पावणेदहाला दिलेला ब्लॉक रात्री आठ-दहाच्या सुमारास उतरणार होता. तो पहाटेपर्यंत न्यायचा, तर पूरक औषध, म्हणजे ज्याला आम्ही ॲडज्युव्हंट म्हणतो ते, वापरावे लागणार होते. या रुग्णात कोणते औषध चालेल, या एका प्रश्नाभोवतीच माझा सगळा विचार फिरत राहिला. ब्लॉक नेमका किती वाजता उतरलेला बरा, हा प्रश्न मी त्या सकाळी नीट विचारला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

स्थानिक बधिरीकरणाच्या औषधात दुसरे काही मिसळण्याची पद्धत या शास्त्राच्या बाल्यावस्थेपासूनची आहे. कोकेनने डोळा बधिर करण्याचा प्रयोग १८८४ मधला, आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीस हाइनरिश ब्राउन या जर्मन शल्यचिकित्सकांनी त्यात ॲड्रेनलिन मिसळून परिणाम लांबवण्याची पद्धत रूढ केली. ॲड्रेनलिन आसपासच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे औषध रक्तात हळूहळू जाते. लिग्नोकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाच्या बाबतीत याचा फायदा स्पष्ट दिसतो. रोपिव्हाकेन मात्र स्वतःच रक्तवाहिन्या थोड्या आकुंचित करते, म्हणून त्यात ॲड्रेनलिन घालून वेळ फारसा वाढत नाही. शिवाय मधुमेहाने आधीच अशक्त झालेल्या चेतेचा रक्तपुरवठा आणखी कमी करणे मला पटत नव्हते. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर नाडी एकदम वाढून इशारा मिळतो, हा ॲड्रेनलिनचा दुसरा उपयोग खरा आहे. पण मेटोप्रोलॉल घेणाऱ्या रुग्णात तो इशाराही भरवशाचा राहत नाही.

दुसरा पर्याय डेक्समेडिटोमिडीन या गुंगी आणणाऱ्या औषधाचा. खरे सांगायचे तर हात प्रथम त्याच कुपीकडे गेला होता, कारण गेली काही वर्षे ते आमच्या नेहमीच्या वापरात आहे. खांद्याकडून हातात जाणाऱ्या चेतांच्या ब्लॉकमध्ये ५० ते ६० मायक्रोग्रॅम मिसळल्यास ब्लॉक लवकर चढतो आणि कित्येक तास अधिक टिकतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. क्लोनिडीन त्याच कुळातले. त्याने साधारण दोन तास वाढतात. परंतु हे औषध चेतेजवळ दिले तरी त्याचा काही भाग रक्तात शोषला जातोच, आणि मग नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, गुंगी येते. नाडी ५६, त्यावर रोजचे मेटोप्रोलॉल, फुफ्फुसे अशी, आणि रात्री मॉनिटरकडे बघायला कोणी नाही. या चार गोष्टी एकत्र मांडल्यावर कुपी परत ठेवली. त्या दिवशीच्या निर्णयांपैकी या एका निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही.

मॉर्फिनच्या कुळातल्या ब्युप्रेनॉर्फिनचा पर्याय थोडक्यात बाजूला पडला. ३०० मायक्रोग्रॅमने ब्लॉकची वेदनाशामकता चांगली लांबते, पण मळमळ आणि उलट्या वारंवार होतात, आणि श्वासावरच्या परिणामाची काळजी या रुग्णात घेणे भागच होते. मिडाझोलाम चेतेजवळ देऊ नये असेच माझे मत आहे. प्राण्यांच्या चेतापेशींवरील प्रयोगांत त्याचा विषारी परिणाम दिसला आहे. मॅग्नेशियम आणि ट्रामाडॉल यांचा लाभ अभ्यासागणिक वेगवेगळा दिसतो. केटामीनने ब्लॉक लांबत नाही, भास मात्र होऊ शकतात. सोडिअम बायकार्बोनेटने लिग्नोकेन लवकर चढते. रोपिव्हाकेनमध्ये ते घातले तर औषधाचा साका खाली बसतो.

उरले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि खरा खल येथेच झाला. चेतेजवळ दिलेले डेक्सामेथासोन ब्लॉक सहा ते आठ तासांनी लांबवते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन पुनरावलोकनात, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात, हाताच्या शस्त्रक्रियांमध्ये चेतेजवळ दिल्यास सुमारे पावणेसात तासांची आणि शिरेतून दिल्यास सुमारे सहा तासांची वाढ आढळली होती. दोन्ही मार्गांची थेट तुलना केली, तेव्हा चेतेजवळ दिलेले औषध सुमारे तीन तास सरस ठरले. चेतेजवळचा वापर औषधाच्या परवान्यातील नोंदीत बसत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या कुपीत परिरक्षक द्रव्ये असू शकतात, ती चेतेला सोसतील की नाही हा प्रश्न असतो. त्याहून ठोस कारण असे की, डेक्सामेथासोनचे द्रावण अल्कलीकडे झुकणारे असते आणि रोपिव्हाकेन अल्कलीत विरघळलेले राहत नाही; दोन्ही एका सिरिंजमध्ये घेतले की स्फटिक तयार होऊ शकतात. ब्लॉकच्या सिरिंजमध्ये असे काही ढकलण्याची माझी तयारी नव्हती.

शिरेतून देण्याला एक आक्षेप होता तो साखरेचा. एका मात्रेनेही मधुमेही रुग्णाची साखर पुढचे २४ तास चढी राहू शकते. जखम चिघळण्याची भीती मात्र बरीच कमी झाली आहे: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ८,७०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेतलेल्यांपैकी ८.१ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ९.१ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला होता, आणि त्या चाचणीत मधुमेही रुग्णही होते. तेव्हा साखर मोजत राहिली आणि गरजेप्रमाणे इन्शुलिन दिले तर हा धोका आवाक्यातला होता.

आणखी एक पर्याय होता, ज्याचा मी विचार केला पण पाठपुरावा केला नाही: चेतेजवळ बारीक नळी ठेवून थोडे थोडे पातळ औषध देत राहणे. नळीतले औषध हवे तेव्हा थांबवता येते. खर्च वाढला असता, आणि रात्रीच्या सिस्टरना त्या नळीची सवय नव्हती. ही दोन कारणे मला त्या वेळी पुरेशी वाटली.

कंपार्टमेंट सिंड्रोमचा विचार आमच्या बोलण्यात आला होता, हेही नमूद केले पाहिजे. हाताचे स्नायू आवरणाच्या बंद कप्प्यांत असतात. कप्प्यातील सूज वाढून दाब चढला की रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत स्नायू कायमचे निकामी होऊन बोटे आखडतात. याची पहिली खूण म्हणजे दुखापतीच्या मानाने अतोनात वेदना, विशेषतः बोटे ताणल्यावर. गाढ ब्लॉकमध्ये ही खूण हरवते. ब्रिटनच्या असोसिएशन ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने २०२१ मध्ये गुडघ्याखालच्या पायाच्या दुखापतींसाठी दिलेल्या मार्गदर्शनात, कमी तीव्रतेच्या आणि पूरक औषध न घातलेल्या ब्लॉकमुळे निदानाला उशीर होत नाही, मात्र नंतरची देखरेख चोख हवी, असे म्हटले आहे. पूरक औषध न घातलेल्या, हे शब्द मी वाचलेले होते. तरीही हे पायाचे आहे, दुखापत तीन दिवसांची जुनी आहे, सूज ओसरली आहे, घसरून पडण्याने झालेली आहे, असा विचार करून आम्ही दोघांनी धोका कमी धरला. सर म्हणाले, ‘टाके ताण न देता बसले तर काळजी नाही.’ मी मान डोलावली.

प्रत्यक्षात काय केले

सकाळी ९.४० वाजता सोनोग्राफीत काखेकडे जाणारी रोहिणी आणि तिच्याभोवतीचे चेतांचे तिन्ही जुडगे पाहून, रोहिणीच्या मागे ०.५ टक्के रोपिव्हाकेन २५ मिलिलिटर, म्हणजे १२५ मिलिग्रॅम, हळूहळू आणि दर पाच मिलिलिटरला पिस्टन मागे ओढून पाहत दिले. सिरिंजमध्ये दुसरे काहीही नव्हते. विषबाधा झालीच तर लागणारे २० टक्के लिपिड (स्निग्ध पदार्थाचे द्रावण) थिएटरमध्ये आहे, याची खात्री आधीच केली होती.

पंचवीस मिनिटांनी हात पूर्ण बधिर आणि लुळा झाल्यावर ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन १०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून शिरेतून सोडले. जाग्या रुग्णाला ते एकदम दिले तर गुप्तांगाच्या जागी असह्य आग आणि खाज सुटते. सावकाश दिल्यास हा त्रास टळतो, म्हणून ही काळजी.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. रक्तप्रवाह थांबवण्यासाठी दंडावर आवळलेला पट्टा, म्हणजे टूर्निके, ८५ मिनिटे होता. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास बाबा दंडात आवळल्याची तक्रार करू लागले. दंडाच्या आतील त्वचेची संवेदना या ब्लॉकच्या कक्षेबाहेरच्या चेतेकडून येते. काखेजवळ त्वचेखाली थोडे लिग्नोकेन आधीच दिले असते तर हे टळले असते. झोपेचे औषध न देता त्यांच्याशी ऊस आणि पावसाच्या गोष्टी बोलत मी उरलेली पंधरा मिनिटे काढली. टाके बसवताना त्वचेवर ताण आला नाही. सरांनी कापूस गुंडाळून स्लॅब दिला आणि हात उंच टांगला.

वॉर्डात पोचल्यावर मी दर सहा तासांनी १ ग्रॅम पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे, दुखो वा न दुखो, द्यायला लिहिले. दर सहा तासांनी साखर तपासायला लिहिले. आणि ‘हात सकाळपर्यंत जड राहील’ असे मुलाला तोंडी सांगून दुपारी एक वाजता पुढच्या रुग्णालयाकडे निघाले.

त्या रात्री

सकाळी १६४ असलेली साखर दुपारी चारला २३१ आणि रात्री दहाला २८७ झाली. ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे सिस्टरनी इन्शुलिन दिले. येथवर सगळे अपेक्षेप्रमाणे चालले होते.

रात्री ११.४० वाजता सिस्टरचा फोन आला. मी तेव्हा ३० किलोमीटरवर होते. बाबांची बोटे सुजून चकचकीत दिसत होती, स्लॅबच्या पट्ट्या बोटांच्या मुळाशी रुतल्या होत्या, आणि हात जराही हलत नव्हता. मुलाने फोन घेतला. ‘मॅडम, हात लाकडासारखा पडलाय. आई म्हणते, हात गेला. खरं काय ते सांगा.’ सकाळी मी त्याला सांगितले होते, पण ते सगळ्या गडबडीत, बिल आणि औषधांच्या चिठ्ठ्या हातात असताना सांगितले होते. त्याच्या आईला तर काहीच सांगितले नव्हते.

मी विचारलेला पहिला प्रश्न वेदनेचा होता. विचारतानाच त्याचा निरुपयोग लक्षात आला. बाबांना अजिबात दुखत नव्हते. साध्या ब्लॉकनंतर रात्री बारा वाजता, सुजलेल्या हातात वेदना नसणे ही दिलासा देणारी बातमी ठरली असती. आज तिचा काहीच अर्थ लागत नव्हता, कारण वेदना नसण्याची व्यवस्था मीच केली होती.

सर गावातच राहतात. ते पंधरा मिनिटांत पोचले. त्यांनी स्लॅबच्या सर्व पट्ट्या आणि कापूस त्वचेपर्यंत लांबवर कापून मोकळा केला. मनगटाची नाडी लागत होती, नखे दाबून सोडल्यावर लाली दोन सेकंदांत परत येत होती; परंतु या दोन्ही गोष्टी कंपार्टमेंट सिंड्रोम बराच पुढे जाईपर्यंत टिकून राहू शकतात, म्हणून त्यांवर विसंबता येत नाही. बोटे ताणून पाहण्याची चाचणी ब्लॉकमुळे बाद झाली होती. राहिला तो केवळ हाताने चाचपून कप्पे मऊ आहेत की फळीसारखे कडक, हे ठरवण्याचा मार्ग, आणि अनुभवी बोटांनाही तो चकवतो. कप्प्यातील दाब मोजण्याचे साधन त्या रुग्णालयात नव्हते.

येथे फोनवरच आम्हाला निर्णय घ्यावा लागला. एक मार्ग, जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात तत्काळ हलवणे. तेथे दाब मोजता आला असता. दुसरा, थिएटर उघडून शंकेचा फायदा हाताला देत कप्पे चिरून मोकळे करणे, म्हणजे लांब जखमा आणि पुढे त्वचारोपणाची शक्यता. तिसरा, पट्ट्या कापल्यावर अर्धा तास थांबून पुन्हा पाहणे. पट्ट्या कापताच बोटांच्या मुळाशी उमटलेले वळ स्पष्ट दिसले आणि कोपराकडचा भाग सरांना मऊ लागला, तेव्हा सूज आवळण्यामुळे आली असावी असा अंदाज करून आम्ही तिसरा मार्ग घेतला; मात्र रुग्णवाहिका दारात बोलावून ठेवली आणि अर्ध्या तासात हात जराही कडक वाटला तर निघायचे असे ठरवले. हात हृदयाच्या पातळीवर आणला, कारण रक्तपुरवठ्याची शंका असताना तो जास्त उंच ठेवणे घातक ठरू शकते.

साडेबारापर्यंत बोटांचा ताण कमी झाला. सर घरी गेले नाहीत. तासातासाला हात पाहत ते वॉर्डातच बसले. मी साडेबाराला पोचले आणि दीड वाजता मावशींशेजारी, म्हणजे बाबांच्या पत्नीशेजारी, बसून, सकाळी सांगायला हवे होते ते सगळे सांगितले.

परिणाम

पहाटे ३.३० वाजता, ब्लॉक दिल्यापासून जवळजवळ अठरा तासांनी, अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या. पावणेपाचला बोटे हलली. बोटे ताणल्यावर थोडे दुखले, पण अतोनात नाही, आणि त्या क्षणी कंपार्टमेंट सिंड्रोमची शंका खऱ्या अर्थाने मिटली. ब्लॉक उतरताना येणारी वेदनेची उसळी सौम्य होती. बाबांनी दहापैकी पाच सांगितले आणि पॅरासिटामॉलच्या जोडीला ५० मिलिग्रॅम ट्रामाडॉल एकदाच लागले. डेक्सामेथासोनमुळे ही उसळी कमी होते असे काही अभ्यास सांगतात, आणि घड्याळाप्रमाणे दिलेल्या पॅरासिटामॉलचाही त्यात वाटा असणार.

साखर दुसऱ्या दिवशी सकाळी २०४ होती आणि तिसऱ्या दिवशी नेहमीच्या पातळीवर आली. श्वासाचा त्रास झाला नाही. जखम कोरडी भरली. सहा आठवड्यांनी तपासले तेव्हा बोटांची ताकद आणि संवेदना शस्त्रक्रियेपूर्वीच्या नोंदीइतकीच होती.

काय वेगळे करता आले असते

शेवट चांगला झाला म्हणून निर्णय योग्य होता असे मी मानत नाही. डेक्सामेथासोनने आपले काम चोख केले. त्याने ब्लॉक सुमारे सहा-सात तासांनी लांबवला आणि नेमके हेच आमच्या अंगाशी आले. पूरक औषध न देता हात रात्री नऊच्या सुमारास जागा झाला असता. त्या वेळी सर दवाखान्यात असतात, दोन सिस्टर असतात, मी फोनवर मोकळी असते. दुखले असते, हे खरे. पण ते दुखणे आमच्यापैकी कोणीतरी पाहिले असते आणि आवळलेल्या पट्ट्या तेव्हाच कापल्या गेल्या असत्या. मी हाताची संवेदना परत येण्याची वेळ रात्री नऊवरून पहाटे साडेतीनवर नेऊन ठेवली, म्हणजे ज्या वेळी रुग्णालयात सर्वांत कमी माणसे असतात त्या वेळी.

सरांना विचारायचा प्रश्न असा हवा होता: ‘सर, या हाताची संवेदना तुम्हाला किती वाजता तपासता आली पाहिजे?’ हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी, मला खात्री आहे, ‘झोपायच्या आधी एकदा’ असेच उत्तर दिले असते, आणि पूरक औषधाचा प्रश्न तेथेच संपला असता. रात्रभर दुखू नये ही त्यांची इच्छा आणि हात तपासता यावा ही त्यांचीच गरज, यांचा मेळ बसत नाही हे त्यांना दाखवून देणे माझे काम होते.

पायाविषयीचे मार्गदर्शन हाताला लागू होत नाही, असे मी सोयीने ठरवले. कोपराखालच्या दोन्ही हाडांचे मोडणे हे हातातील कंपार्टमेंट सिंड्रोमच्या ठळक कारणांपैकी एक आहे. शिवाय शस्त्रक्रियेत पुन्हा सूज येते, टूर्निके सोडल्यावर रक्त परत भरते. तीन दिवसांपूर्वीची सूज ओसरली हे त्यापुढे फारसे महत्त्वाचे नव्हते.

नळीचा पर्याय मी खर्च आणि सवय या कारणांनी सोडला, ते मला आता तितकेसे पटत नाही. नळीतून पातळ औषध दिले असते तर रात्री अकरा-चाळीसला ते बंद करायला सांगून दोन-तीन तासांत हात जागा होण्याची वाट पाहता आली असती. शिरेतून दिलेले डेक्सामेथासोन असे मागे घेता येत नाही. चेतेजवळ दिलेले तर नाहीच नाही. तरीही, त्या नळीची सवय नसलेल्या एकट्या सिस्टरच्या भरवशावर ती ठेवावी का, याचे निर्विवाद उत्तर माझ्याकडे नाही. त्या रुग्णालयात, त्या रुग्णासाठी, आज मी बहुधा नुसते रोपिव्हाकेनच देईन, रात्री आठलाच ट्रामाडॉलची पहिली मात्रा द्यायला लिहीन, आणि ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणारे यंत्र रात्रभर बोटाला लावून ठेवायला सांगेन.

तेच डेक्सामेथासोन मी आजही वापरते. खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, किंवा बोटाच्या जुन्या गाठीसाठी आलेल्या निरोगी रुग्णात, जेथे रात्री काही तपासायचे नसते, तेथे ते देताना मला संकोच वाटत नाही.

या प्रकरणानंतर आम्ही दोघांनी मिळून दोन बदल केले. ब्लॉकच्या नोंदपत्रकात औषधाच्या रकान्याच्या आधी एक रकाना वाढवला: संवेदना किती वाजेपर्यंत परत यायला हवी. तो सर भरतात, आणि तो भरल्याशिवाय मी सिरिंज भरायला घेत नाही. दुसरा बदल एका चिठ्ठीचा आहे. ती मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलेली असते आणि रुग्णाजवळ रात्री जो थांबणार असेल त्याच्याच हातात देऊन मोठ्याने वाचून दाखवली जाते: हात किती वाजेपर्यंत जड राहील, बोटे निळी, पांढरी किंवा फार सुजलेली दिसली तर काय करायचे, पट्टी रुतते आहे असे वाटले तर रात्री कितीही वाजले असले तरी कोणाला उठवायचे, आणि हात दुखत नाही म्हणून गप्प बसू नये. हे शेवटचे वाक्य मावशींच्या सांगण्यावरून घातले. त्या रात्री साडेदहालाच त्यांना बोटे सुजल्यासारखी वाटली होती. पण नवरा दुखत नाही म्हणतोय तर सिस्टरना कशाला उठवायचे, म्हणून त्या तासभर थांबल्या होत्या.